नदी हाच रस्ता : वॉलेस आणि बेट्स यांचा अ‍ॅमेझॉन प्रवास

(द्वितीय वर्ष कला, भूगोल)

भूगोलाच्या वर्गात विषुववृत्तीय वनांचा पाठ आपण सर्वांनीच शिकलेला आहे. वर्षभर पाऊस, वर्षभर उष्णता, घनदाट अरण्य आणि 'विरळ लोकवस्ती'. परीक्षेत हे चार मुद्दे लिहिले की गुण मिळतात. मीही ते लिहिले आणि मिळवले. परंतु विरळ लोकवस्ती म्हणजे नेमके काय, आणि अशा प्रदेशात हिंडणारा माणूस खातो काय, निजतो कोठे, वाट कोणाला विचारतो, हे प्रश्न मला तेव्हा पडले नव्हते. ते पडले गेल्या वर्षी. ग्रंथालयात एका जुन्या इंग्रजी पुस्तकाशी माझी गाठ पडली, तेव्हा. हेन्री वॉल्टर बेट्स यांचे ते अ‍ॅमेझॉनवरील पुस्तक १८६३ साली प्रसिद्ध झाले. प्रथम वर्षी मी इंग्रजीतच नापास झाले होते. तरीही शब्दकोश उशाला घेऊन रोज एक-दोन पाने असे करीत पाच महिन्यांत ते पुस्तक संपवले. त्यातून, आणि नंतर जे वाचले त्यातून, जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवत आहे.

प्रदेशाची ओळख

प्रथम आकडे पाहू. ब्राझील देशातील अ‍ॅमेझोनास हे राज्य सुमारे १५ लाख ६० हजार चौरस किलोमीटरचे आहे. म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या पाचपट. २०२२ च्या जनगणनेत तेथील लोकसंख्या सुमारे ३९ लाख भरली, आणि त्यांतील निम्म्याहून अधिक माणसे मानाउस या एकाच शहरात राहतात. महाराष्ट्रात २०११ च्या जनगणनेनुसार एका चौरस किलोमीटरला ३६५ माणसे होती. अ‍ॅमेझोनासमध्ये जेमतेम अडीच.

या मुलखात नदी हाच रस्ता आहे. अ‍ॅमेझॉन सुमारे ६,४०० किलोमीटर लांब आहे. तिचा उतार इतका कमी की समुद्राच्या भरती-ओहोटीचा परिणाम शेकडो किलोमीटर आत ओबिदोसपर्यंत जाणवतो. मानाउसजवळ पूर आणि ओसर यांमध्ये पाण्याची पातळी साधारण दहा मीटरने वरखाली होते. पुराच्या दिवसांत झाडांच्या शेंड्यांमधून होड्या चालतात आणि मासे फळे खातात. तेथेच रिओ निग्रो ही काळ्या पाण्याची नदी येऊन मिळते. वालुकामय जमिनीवर कुजलेल्या पाचोळ्याचा अर्क उतरून तिचे पाणी कोऱ्या चहासारखे दिसते. हे पाणी आम्लधर्मी आणि पोषणद्रव्यांत दरिद्री असल्याने त्यात डासांची पैदास फारशी होत नाही. म्हणून काळ्या नदीवरचा प्रवासी रात्री सुखाने झोपतो, पण त्याला मासळीही कमीच मिळते. निसर्ग एका हाताने देतो आणि दुसऱ्या हाताने घेतो, तो असा.

दोन तरुण

आल्फ्रेड रसेल वॉलेस यांचा जन्म १८२३ चा, तर बेट्स यांचा १८२५ चा. दोघेही श्रीमंत घरचे नव्हते आणि दोघांनीही विद्यापीठाची पायरी चढली नव्हती. वॉलेस यांची शाळा चौदाव्या वर्षी सुटली. पुढे ते जमीन मोजणीचे काम शिकले. बेट्स तेराव्या वर्षी मोज्यांच्या व्यापाऱ्याकडे उमेदवार म्हणून लागले. सकाळी सात ते रात्री आठ असे तेरा तास काम, त्यात वखार झाडणेही आले. त्यानंतर रात्रीचे वर्ग आणि सुट्टीच्या दिवशी किडे गोळा करणे.

हे वाचताना मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसले होते. माझे वडील, आम्ही त्यांना आप्पा म्हणतो, इचलकरंजीत यंत्रमागावर बारा तासांची पाळी करतात. आई कांड्या भरते. कॉलेजातून आले की मीही भरते. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. आजवर माझी समजूत अशी होती की पुस्तके लिहिणारी माणसे वेगळ्या घरांत जन्मतात. मोज्यांच्या वखारीत झाडू मारणाऱ्या मुलाने हे पुस्तक लिहिले, ही गोष्ट मला पुस्तकातल्या अरण्याहून नवलाची वाटली.

१८४४ साली लेस्टर गावी दोघांची ओळख झाली. एका गावाच्या आसपास शेकडो जातींचे भुंगेरे असतात, हे बेट्स यांच्या संग्रहात पाहून वॉलेस थक्क झाले. पुढे अ‍ॅमेझॉनवरील एक प्रवासवर्णन त्यांनी वाचले आणि तेथेच जायचे ठरले. पगार नव्हता, शिष्यवृत्ती नव्हती. कीटक, पक्षी, प्राणी यांचे नमुने लंडनमधील सॅम्युएल स्टीव्हन्स या दलालाकडे धाडावयाचे आणि विक्रीतून खर्च भागवायचा, एवढाच हिशेब होता. एप्रिल १८४८ मध्ये लिव्हरपूलहून निघून २८ मे रोजी ते पारा, म्हणजे आजचे बेलेम, येथे उतरले. एक पंचवीस वर्षांचा, दुसरा तेवीस वर्षांचा.

प्रवासाची रीत

त्या काळी वरच्या अ‍ॅमेझॉनवर आगबोटी नव्हत्या. त्या १८५३ पासून सुरू झाल्या. शिडाच्या होडीला कोरड्या ऋतूत पूर्वेचा वारा मिळाला, तर पाराहून रिओ निग्रोपर्यंत चाळीसएक दिवस लागत. पावसाळ्यात वारा पडला आणि प्रवाह वाढला की तीन महिने. काठावरच्या झाडाला दोर बांधायचा आणि होडी ओढून घ्यायची, मग पुढचे झाड. होडी वल्हवणारे, वाट दाखवणारे, शिकार करून अन्न आणणारे लोक तेथलेच असत. ते नसतील तर विद्वान प्रवासी काठावरच अडकून पडे. होडीला माणसे मिळाली नाहीत म्हणून दिवसचे दिवस वाया गेल्याची तक्रार या दोघांच्याही लेखनात वारंवार येते.

१८५० च्या आरंभी आजच्या मानाउस येथे दोघांची भेट झाली आणि तेथून वाटा वेगळ्या झाल्या. वॉलेस रिओ निग्रो आणि तिची उपनदी वाउपेस यांच्या दिशेने वर गेले. बेट्स मुख्य नदीने एगा या खेड्याला गेले. मोजणीच्या कामात शिकलेले ज्ञान वॉलेस यांना येथे उपयोगी पडले. होकायंत्र आणि घड्याळ यांच्या साह्याने त्यांनी या नद्यांचा नकाशा तयार केला. पोटासाठी शिकलेली कोणतीच विद्या वाया जात नाही, हे यावरून दिसते.

शिकाऱ्यांचे ज्ञान

वॉलेस यांचा माकडांविषयीचा निबंध १८५२ साली लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेत वाचला गेला. भूगोलाच्या विद्यार्थ्याने तो मुद्दाम पाहावा असा आहे. संग्रहालयांतील नमुन्यांवर 'ब्राझील' किंवा 'अ‍ॅमेझॉन' एवढेच लिहिलेले असे. वॉलेस म्हणतात, एवढे पुरेसे नाही. नदीचा कोणता काठ, हे लिहिले पाहिजे. कारण अ‍ॅमेझॉन, रिओ निग्रो आणि मदेरा या मोठ्या नद्यांच्या एका काठावर आढळणारी काही माकडे दुसऱ्या काठावर आढळत नाहीत. उगमाकडे नदी अरुंद होते, तेथे ही सीमा पुसली जाते. प्राण्यांच्या वाटणीचा नकाशा नदी आखते, हा विचार पुढे जीवभूगोलात महत्त्वाचा ठरला.

त्याच निबंधात आणखी एक गोष्ट आहे. तेथल्या शिकाऱ्यांना ही बाब पूर्वीपासून ठाऊक होती, असे वॉलेस स्वतःच सांगतात. अमुक प्राणी हवा असेल तर ते नदी ओलांडून पलीकडच्या काठावर जात. म्हणजे शास्त्रातला शोध लागण्यापूर्वी तो तेथल्या माणसांच्या रोजच्या व्यवहारात होता. वॉलेस यांचा मोठेपणा हा की त्यांनी तो ऐकला, पारखला आणि मांडला. पण ज्यांनी सांगितला त्यांची नावे त्या निबंधात नाहीत. याची मला रुखरुख वाटते.

एगा येथील दिवस

बेट्स अकरा वर्षे अ‍ॅमेझॉनवर राहिले. त्यांतील साडेचार वर्षे एगा येथे गेली. तेथे एकदा बारा महिने त्यांना ना पत्र आले ना पैसे. कपड्यांच्या चिंध्या झाल्या, पायांत जोडे उरले नाहीत, नोकर पळून गेला आणि जवळची बहुतेक नाणी चोरीला गेली. या सर्वांपेक्षा त्यांना अधिक जाचला तो वाचनाचा दुष्काळ. 'अथेनियम' नियतकालिकाचे जुने अंक ते तीन वेळा वाचत. पहिल्यांदा आवडीचे लेख, दुसऱ्यांदा उरलेले सगळे, आणि तिसऱ्यांदा पहिल्यापासून शेवटपर्यंत जाहिराती!

याचे हसू येण्याऐवजी मला आमचे घर आठवले. किराणा बांधून आलेले वर्तमानपत्राचे तुकडे सरळ करून मी असेच वाचत असे. अर्धी बातमी, अर्धी जाहिरात, पुढे काय झाले ते दुसऱ्या पुडीवर.

याच काळात बेट्स यांनी मंद उडणारी, भडक रंगांची फुलपाखरे पाहिली. पक्षी त्यांना खात नसत, कारण ती बेचव असावीत. त्यांच्याच थव्यात अगदी तशाच रंगांची, पण मुळात वेगळ्या कुळातली फुलपाखरे त्यांना सापडली. खाण्याजोग्या प्राण्याने अखाद्य प्राण्याचे रूप घेऊन जीव वाचवायचा, या प्रकाराचे स्पष्टीकरण त्यांनी १८६१ साली नैसर्गिक निवडीच्या आधारे मांडले. आजही ते बेट्स यांच्याच नावाने ओळखले जाते.

आमच्या दारात पत्र्याच्या डब्यात कढीपत्ता आहे. त्यावरच्या सुरवंटांतून दोन तऱ्हेची फुलपाखरे निघतात. एक काळे, पांढऱ्या पट्ट्याचे. दुसरे काळे, पण मागच्या पंखांवर लाल ठिपके असलेले. मी त्या दोन जाती समजत होते. सरांनी सांगितले, जात एकच, कॉमन मॉर्मॉन. नर नेहमी पट्ट्याचा. माद्यांपैकी काही नरासारख्याच दिसतात, तर काही ईश्वरीच्या वेलीवर वाढणाऱ्या विषारी फुलपाखरांचे सोंग घेतात. जे पाहण्यासाठी बेट्स यांनी अकरा वर्षे घालवली, त्याच जातीचा चमत्कार आमच्या कढीपत्त्यावर रोज घडत होता आणि मी त्याची पाने फोडणीला तोडत होते.

हानी

या प्रवासाची किंमतही सांगितली पाहिजे. वॉलेस यांचा धाकटा भाऊ हर्बर्ट मदतीला आला होता. १८५१ साली पारा येथे पीतज्वराने तो वारला. बेट्स यांनी त्याची शुश्रूषा केली आणि तेही त्याच तापाने आजारी पडले. वॉलेस त्या वेळी दूर वरच्या भागात होते. पुढे तेही तापाने मरता मरता वाचले.

१२ जुलै १८५२ रोजी वॉलेस 'हेलन' या जहाजाने परत निघाले. ६ ऑगस्टला भर समुद्रात जहाजाने पेट घेतला. काही चित्रे आणि थोडे कागद असलेली एक पत्र्याची पेटी तेवढी हाती लागली. नमुने, टिपणवह्या, जिवंत माकडे, पोपट, सगळे गेले. दहा दिवस उघड्या होड्यांत काढल्यावर दुसऱ्या जहाजाने त्यांना वाचवले. स्टीव्हन्स यांनी संग्रहाचा २०० पौंडांचा विमा उतरवला होता, म्हणून उपासमार टळली. पुन्हा समुद्रावर पाऊल ठेवणार नाही, अशी शपथ वॉलेस यांनी घेतली होती. पण पुढच्याच वर्षी, १८५३ साली, उरलेल्या चित्रांतून आणि आठवणींतून त्यांनी दोन पुस्तके प्रसिद्ध केली, आणि १८५४ मध्ये ते मलाया द्वीपसमूहाकडे निघाले. तेथूनच १८५८ साली त्यांनी डार्विन यांना नैसर्गिक निवडीचा आपला निबंध धाडला. इंग्रजीत नापास झाल्यावर कॉलेज सोडण्याचा विचार माझ्या मनात आला होता, हे आता लिहिताना थोडी लाज वाटते.

लांब कोणापासून?

एका रात्री कांड्या भरता भरता ही सारी हकीकत मी आप्पांना सांगितली. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "तितं मानसं ऱ्हात्यात का?" मी म्हणाले, "राहतात की. पण फार थोडी. फार लांबचा मुलूख आहे तो." आप्पा म्हणाले, "लांब म्हंजे कुनापासनं लांब? तितं ऱ्हानाऱ्याला कुटं लांब हाय?"

याला माझ्याजवळ उत्तर नव्हते. 'दुर्गम' हा शब्द आपण नेहमी बाहेरून लावतो. नकाशावर जी जागा रिकामी दिसते, ती तेथे राहणाऱ्याला घरच्यासारखी पाठ असते. चांगला प्रवासी तो, जो हे ओळखून विचारतो, ऐकतो आणि मग लिहितो.

एगाला आज तेफे म्हणतात. अजूनही तेथे मानाउसहून होडीने किंवा विमानानेच जावे लागते. २०२३ साली अ‍ॅमेझॉन खोऱ्यात भीषण अवर्षण पडले. तेफेच्या तळ्याचे पाणी ३९ अंश सेल्सिअसच्या वर तापले आणि शंभरहून अधिक डॉल्फिन मरण पावले. त्या ऑक्टोबरात मानाउस येथे नदीची पातळी १९०२ पासूनच्या नोंदींत सर्वांत खाली गेली, आणि २०२४ मध्ये त्याहूनही खाली. पाणी आटले की होड्या थांबतात, आणि नदी हाच रस्ता असलेल्या गावांचे धान्य व औषध थांबते. जगाने तापवलेल्या हवेची झळ इतक्या विरळ वस्तीच्या मुलखालाही बसते. तेव्हा आता कोणताच प्रदेश कोणापासून लांब राहिलेला नाही.

यंदा आमच्या विभागाची अभ्यास-सहल आंबोलीला जाणार आहे. तीन दिवस मुलीला बाहेर पाठवायचे की नाही, याचा घरी बरेच दिवस निर्णय होत नव्हता. परवा पाळीवरून आल्यावर आप्पांनी एक कोरी वही माझ्यापुढे ठेवली. म्हणाले, "जाशील तितल्या मानसांस्नी इचार. आन् नावानिशी लिव्ह."

त्या वहीच्या पहिल्या पानावर मी कढीपत्त्यावरच्या फुलपाखराची नोंद केली आहे. तारीख घातली, वेळ घातली आणि ठिकाणही लिहिले. नदीचा कोणता काठ, तेसुद्धा : पंचगंगेचा डावा.