गाणं हळू करून शिकवताना : संगणकावरचा सराव आणि रेकॉर्डिंग



परिपाठाला आता सगळीकडेच राज्यगीत होतं. 'जय जय महाराष्ट्र माझा'. शब्द राजा बढे यांचे, संगीत श्रीनिवास खळे यांचं आणि आवाज शाहीर साबळे यांचा. २०२३ मध्ये ते राज्यगीत झालं, तेव्हापासून आमच्या शाळेत ते स्पीकरवर लावायचं आणि मुलांनी सोबत म्हणायचं अशी पद्धत पडली. ऐकायला दणदणीत वाटायचं. एका सकाळी लाईट गेली होती, स्पीकरही चार्ज नव्हता. म्हटलं, चला, आज नुसतं तोंडाने म्हणू. धृपद जोरात झालं. कडवं सुरू झालं आणि आवाज निम्म्यावर आला. मागची मुलं प्रत्येक ओळीचा शेवटचा शब्द तेवढा पकडत होती, मधे नुसतं 'हूं हूं'. इतके महिने आपण मुलांचं गाणं ऐकतोय असं मला वाटत होतं. प्रत्यक्षात मी स्पीकर ऐकत होते.

दोष मुलांचा नव्हता. गाणं जलद आहे, शब्द जोडून येतात, आणि तिसरी-चौथीच्या मुलाला एक शब्द समजेपर्यंत पुढचे दोन निघून जातात. मी वर्गात हळू म्हणून दाखवलं, पण माझी लय कधी पुढे तर कधी मागे. डी.एड.ला असताना पेटीवर सा रे ग म आणि दोन प्रार्थना वाजवायला शिकले, माझं संगीत तेवढंच. शाळेला संगीत शिक्षक नाही. म्हणून मूळ गाणंच हळू करता येईल का ते शोधायला लागले आणि ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर सापडलं. ते मोफत आहे. १९९९ मध्ये अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात त्याचं काम सुरू झालं आणि २००० मध्ये ते सगळ्यांसाठी खुलं केलं गेलं. शाळेच्या जुन्या लॅपटॉपवरही ते चालतं.

पहिल्याच दिवशी मात्र माझी फजिती झाली. मेनूत 'चेंज स्पीड' दिसलं, मी वेग २५ टक्क्यांनी कमी केला आणि वाजवलं. गाणं हळू झालं, पण आवाज असा जाड आणि घोगरा की मुलं हसून लोळायची बाकी राहिली. ज्यांनी घरी रेकॉर्ड प्लेअर पाहिलाय त्यांना हे माहीत असेल. ३३ फेऱ्यांची तबकडी १६ वर लावली की गायक झोपेतून उठल्यासारखा वाटायचा.

असं का होतं हे थोडं समजून घेऊ, कारण हे समजलं की पुढचं सगळं सोपं जातं. सूर म्हणजे कंपनं. सेकंदाला जितकी कंपनं जास्त तितका सूर उंच. पांढरी एकचा सूर सेकंदाला साधारण २६२ कंपनांचा असतो. रेकॉर्डिंग निम्म्या वेगाने फिरवलं की तीच कंपनं दुप्पट वेळात पसरतात, सेकंदाला १३१ उरतात, आणि सूर बरोबर एक सप्तक खाली जातो. वेग पाऊणपट केला तर सा खालच्या सप्तकातल्या पंचमावर जाऊन बसतो. अगदी सहा टक्के वेग कमी केला तरी पेटीवर शेजारच्या एका पट्टीएवढा सूर उतरतो. म्हणजे या पद्धतीत गाणं हळू करायचं तर पट्टीही बदलणारच. मुलांनी त्याच्याबरोबर म्हणायचं कसं?

आपल्याला हवा तो पर्याय 'चेंज टेम्पो'. (नव्या आवृत्तीत इफेक्ट मेनूच्या 'पिच अँड टेम्पो' या गटात तो सापडतो.) हा लय बदलतो, पट्टी तशीच ठेवतो. संगणक आवाजाचे अगदी बारीक, सेकंदाच्या काही शतांश भागाएवढे तुकडे करतो आणि ते तुकडे न ताणता, एकमेकांवर थोडे चढवून, गरज पडेल तिथे पुन्हा वापरून लांब पट्टा जोडतो. तुकड्याच्या आतली कंपनं तशीच राहतात म्हणून सूर बदलत नाही. गोधडीला कापड कमी पडलं की आजी तशाच रंगाचा तुकडा मधे लावते, तसंच काहीसं. पण जोड तो जोडच. लय निम्म्यावर नेली की तबल्याची थाप दोनदा पडल्यासारखी वाटते आणि आवाज डब्यातून आल्यासारखा होतो. माझ्या अनुभवात ७० ते ८० टक्के लय वर्गासाठी पुरेशी आहे. त्याखाली गेलात तर मुलं गाण्याऐवजी त्या विचित्र आवाजाकडे लक्ष देतात.

करायचं कसं? गाण्याची फाईल उघडा. माऊसने पहिल्या दोन ओळी निवडा, कंट्रोल डी दाबून त्यांची प्रत करा आणि त्या प्रतीवर चेंज टेम्पो लावा. चौकटीत उणे २५ लिहिलं की लय ७५ टक्के होते. मग लूप सुरू करून तेवढाच तुकडा फिरत ठेवा. मूळ ट्रॅकला हात लावायचा नाही. पुढची पायरी, म्हणजे ८५ किंवा ९५ टक्के, दर वेळी मूळ ट्रॅकवरूनच करायची. हळू केलेल्या तुकड्याला पुन्हा जलद करत गेलं की आवाज दर फेरीत खराब होतो, आणि दुसरी गंमत शेकडेवारीची आहे. एक मिनिटाचा तुकडा २० टक्क्यांनी हळू केला की ७५ सेकंदांचा होतो. तो परत २० टक्क्यांनी जलद केला तर ६० सेकंद व्हायला हवा ना? होतो साडेबासष्ट सेकंदांचा. मूळ लय मिळवायला २५ टक्के द्यावे लागतात. सातवीला शेकडेवारी शिकवणाऱ्या आमच्या सरांना हे दाखवलं तर त्यांनी तोच दिवसभराचा पाठ केला! नफा-तोट्याच्या उदाहरणात जी चूक मुलं हमखास करतात ती इथे कानाला ऐकू येते.

आता एक अडचण, जी मला आठवडाभर कळलीच नाही. हळू लयीत मुलं आणखी वाईट गायला लागली. ओळीच्या शेवटी सूर पडायचा, काही जण मधेच थांबायची. मला वाटलं कंटाळली. शेवटी मी स्वतः त्या लयीत पूर्ण ओळ म्हणून पाहिली आणि माझाच श्वास संपला. सहा सेकंदांची ओळ ७५ टक्के लयीत आठ सेकंदांची होते. गाणं हळू करता येतं, पण मुलाची छाती त्या प्रमाणात मोठी होत नाही. तेव्हापासून हळू केलेली ओळ आधी नुसती ऐकायची, मग टाळीवर शब्द बोलायचे आणि गायची ती अर्धी अर्धी, मधे श्वास घेऊन. पूर्ण ओळ गायची ती ९० टक्के लयीवर आल्यानंतरच. मोठ्या माणसांच्या सरावालाही हे लागू पडेल असं वाटतं, विशेषतः बासरीवाल्यांना.

हळू ऐकण्याचा खरा फायदा शब्दांच्या पुढे जातो. जलद ऐकताना जो सूर सरळ वाटतो तो हळू ऐकला की त्यात वळण दिसतं. गायक वरच्या सुरावरून घसरत खाली येतो, मधे एक छोटी हरकत घेतो, शब्दाच्या कोणत्या अक्षरावर थांबतो, श्वास कुठे चोरतो. एका भावगीतात मी वर्षानुवर्षं दोन सूर म्हणत होते तिथे चार निघाले. पेटीवर ते शोधायला अर्धा तास लागला. पूर्वी लोक कॅसेट मागे-पुढे करून हेच करायचे, बटण तुटेपर्यंत.

रेकॉर्डिंगकडे वळू. हे बहुतेक जण टाळतात, कारण स्वतःचा आवाज ऐकायला नको वाटतो. पण हळू केलेलं गाणं आपल्याला फक्त गायकाचं सांगतं, आपलं सांगत नाही. खोलीतला पंखा बंद करा, दार लावा, आणि मोबाईलच्या हेडफोनचा माईक असला तरी चालेल. आवाजाची पट्टी लाल होत असेल तर माईक लांब न्या, कारण लाल झालेला आवाज फाटतो आणि तो नंतर कशानेही सुधारत नाही. मूळ गाणं सोबत लावायचं असेल तर ते हेडफोनमध्येच ऐका, नाहीतर माईकमध्ये गायकाचाच आवाज पुन्हा भरेल आणि आपली परिपाठासारखी फसवणूक होईल. ट्रॅक मोनो ठेवा, वेव्ह फाईलला मिनिटाला साधारण पाच एमबी लागतात, स्टिरिओला दुप्पट.

आम्ही सगळ्यात आधी राष्ट्रगीत रेकॉर्ड केलं. पूर्ण राष्ट्रगीताला साधारण ५२ सेकंद लागायला हवेत हे आपण सगळेच शिकवतो. आमचं ६४ सेकंदांचं निघालं. पडद्यावरच्या आकड्यांकडे बोट दाखवून मुलं मोजत होती. मी काही सांगायच्या आत एक मुलगी म्हणाली, "बाई, आपण प्रत्येक ओळीनंतर थांबतो." खरंच थांबत होतो. चार दिवसांत ५५ वर आलो.

आता जे सांगायचं आहे ते मला सांगायला जड जातंय. केंद्राच्या समूहगीत स्पर्धेची तयारी चालू होती. चौथीतला एक मुलगा सतत वेगळाच लागायचा. मी त्याला मागच्या रांगेत उभं केलं आणि म्हटलं, तू फक्त ओठ हलव. आपल्यापैकी अनेकांनी हे कधी ना कधी म्हटलं असेल. तो काही बोलला नाही, ओठ हलवत राहिला. नंतर रेकॉर्डिंगचा नाद लागला म्हणून मी एकेका मुलाला बोलावून दोन ओळी म्हणायला लावल्या. त्यालाही बोलावलं, खरं तर यादीत नाव होतं म्हणून. संध्याकाळी घरी पेटी घेऊन बसले आणि एकेक आवाज ताडून पाहिला. त्याच्या आवाजाशी पेटी जुळेना. मग त्याचा सा कुठे आहे ते शोधलं, तर तो पांढरी दोनवर होता. आमचं गाणं होतं काळी तीनमध्ये. पांढरी दोनचा सा धरून पेटी वाजवली आणि दोन्ही ओळी पहिल्या सुरापासून शेवटपर्यंत बरोबर बसल्या. एकही सूर चुकलेला नव्हता. तो चार पट्ट्या खाली, स्वतःच्या गळ्याला झेपेल तिथे, अचूक गात होता.

दुसऱ्या दिवशी 'चेंज पिच' वापरलं. हे टेम्पोच्या उलट, लय तशीच ठेवून पट्टी बदलतं. उणे ४ केलं आणि त्याला गाणं लावून दिलं. पहिल्या ओळीलाच तो मिसळून गेला. मग बाकीच्यांसाठी वेगवेगळ्या पट्ट्या करून पाहिल्या. उणे २, म्हणजे पांढरी तीन, सगळ्यांना बरी वाटली. गंमत म्हणजे ज्या उंच ओळीला मुली किंचाळायच्या ती ओळही तिथे मऊ झाली. गाणं एका मोठ्या माणसाच्या गळ्यासाठी बसवलेलं होतं, मी ते तसंच दहा वर्षांच्या मुलांवर लादलं होतं. तो मुलगा दुसऱ्या रांगेत आला. स्पर्धेत आमचा नंबर आला नाही. तो विषय वेगळा.

ही सगळी रेकॉर्डिंग्ज मी नंतर गमावली, तेही सांगते, म्हणजे तुमची जाणार नाहीत. शाळेच्या लॅपटॉपवर ऑडॅसिटीची जुनी आवृत्ती होती. २०२१ मध्ये तिसरी आवृत्ती येण्याआधी प्रोजेक्टची एक छोटी फाईल आणि शेजारी एक 'डेटा' नावाचं फोल्डर असायचं, आवाज सगळा त्या फोल्डरमध्ये. मी पेनड्राइव्हवर फक्त छोटी फाईल घेतली. लॅपटॉप फॉरमॅट झाला. फाईल उघडली तर सगळे ट्रॅक सपाट, आवाज शून्य. नव्या आवृत्तीत सगळं एकाच फाईलमध्ये राहतं, तरी काम झालं की वेव्ह किंवा एमपी३ मध्ये एक्स्पोर्ट करून ठेवाच. आणि मुलांचे आवाज पालकांना विचारल्याशिवाय कुठल्याही ग्रुपवर टाकू नका.

ज्यांच्याकडे संगणक नाही त्यांच्यासाठी : यूट्यूबच्या सेटिंगमध्ये लय ०.७५ करता येते, मोबाईलवरच्या व्हीएलसीमध्येही होते, आणि दोन्हीकडे पट्टी बदलत नाही. ओळ फिरवत ठेवणं आणि पट्टी बसवणं तिथे नीट जमत नाही, पण सुरुवात होते.

त्या मुलांचं मी पुन्हा रेकॉर्डिंग केलं, चौथीच्या निरोपाच्या आदल्या दिवशी. माईकसमोर उभं राहिल्यावर त्या मुलाने गायच्या आधी विचारलं, "बाई, पट्टी कोणती?"