घटक ६ : कॅथलिक नीतिविचार आणि जैवतंत्रज्ञान – गोठवलेल्या भ्रूणांचा प्रश्न

६.१ उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर आपणांस
• कॅथलिक नीतिविचारातील दोन आधारभूत तत्त्वे स्पष्ट करता येतील;
• जैवतंत्रज्ञानातील मान्य व अमान्य पद्धतींमधील भेद सकारण सांगता येईल;
• गोठवलेल्या भ्रूणांच्या प्रश्नावरून या विचाराचे बळ आणि त्याची अडचण दोन्ही तपासता येतील.

६.२ प्रास्ताविक

२५ जुलै १९७८ रोजी इंग्लंडमधील ओल्डहॅम येथे लुईस ब्राउन हिचा जन्म झाला. मातेच्या शरीराबाहेर फलन घडवून जन्मास आलेले हे जगातील पहिले मूल. या घटनेविषयी व्हेनिसचे धर्मप्रमुख कार्डिनल अल्बिनो लुचानी यांचे मत विचारण्यात आले. पुढे काही आठवड्यांतच ते पोप जॉन पॉल पहिले झाले. त्यांनी बालिकेला शुभेच्छा दिल्या आणि तिच्या आईवडिलांना दोषी ठरवण्याचा आपणांस अधिकार नाही असे सांगितले. मात्र अपत्यजन्म आणि दांपत्यसंबंध यांची फारकत करू नये, हा चर्चचा नियम सोडण्यास पुरेसे कारण आपणांस आढळत नाही, असेही त्यांनी स्पष्ट केले.

येथे एक गोष्ट आपल्या लक्षात येईल. कृतीचा निर्णय वेगळा आणि ती करणाऱ्या व्यक्तींचा निर्णय वेगळा. मूल तर पूर्णतः स्वागतार्हच. हा भेद ध्यानात ठेवला नाही, तर पुढील विवेचन केवळ निषेधांची यादी वाटू लागेल.

६.३ दोन आधारभूत तत्त्वे

तेराव्या शतकातील विचारवंत थॉमस अक्वायनस यांच्या मांडणीनुसार नैतिक नियमांचा गाभा मानवी बुद्धीला जाणता येतो. यालाच ‘नैसर्गिक नियम’ म्हणतात. म्हणून कॅथलिक चर्च आपले युक्तिवाद श्रद्धावंतांपुरते मर्यादित न ठेवता सर्वांपुढे मांडते. १९८७ मध्ये व्हॅटिकनने प्रसिद्ध केलेल्या ‘डोनम व्हिटे’ (जीवनाची देणगी) या निवेदनात दोन तत्त्वे आहेत.

(अ) मानवी जीवनाची प्रतिष्ठा : फलनाच्या क्षणापासून भ्रूणाला व्यक्ती म्हणून वागवले पाहिजे. या निवेदनाची शब्दयोजना काटेकोर आहे. भ्रूणात आत्म्याचा प्रवेश नेमका केव्हा होतो, या तत्त्वज्ञानात्मक प्रश्नाचा निकाल ते देत नाही. स्वतः अक्वायनस यांच्या मते तो प्रवेश फलनानंतर काही काळाने होतो. निवेदन सांगते ते आपल्या वर्तनाविषयी.

(आ) अपत्यजन्म आणि विवाह यांचे ऐक्य : मूल हे पतिपत्नींच्या परस्परदानाचे फळ असावे, प्रयोगशाळेतील निर्मिती असू नये. अपत्य ही देणगी आहे. त्यावर कोणाचा हक्क सांगता येत नाही.

६.४ मान्य आणि अमान्य

या तत्त्वांवरून एक कसोटी मिळते : तंत्र दांपत्यसंबंधाला साहाय्य करते, की त्याची जागा घेते? वंध्यत्वावरील संप्रेरक-उपचार किंवा बंद गर्भनलिका मोकळी करण्याची शस्त्रक्रिया साहाय्य करते, म्हणून ती मान्य. शरीराबाहेरील फलन त्याची जागा घेते, म्हणून ते अमान्य.

मूलपेशींच्या बाबतीत प्रश्न त्यांच्या उगमाचा असतो. प्रौढ शरीरातून किंवा जन्मानंतर नाळेतील रक्तातून घेतलेल्या मूलपेशी मान्य. भ्रूण नष्ट करून मिळवलेल्या अमान्य, मग उद्देश रुग्णाला बरे करण्याचा असला तरीही. साध्य चांगले असल्याने साधन चांगले ठरत नाही. रुग्णाच्या शरीरपेशींतील जनुकीय दोष दूर करणारे उपचार तत्त्वतः मान्य आहेत. पुढील पिढ्यांत उतरणारे बदल मात्र, त्यांतील धोके पाहता, सद्यःस्थितीत मान्य नाहीत. विज्ञानाला सरसकट विरोध, असे या भूमिकेचे वर्णन म्हणूनच अपुरे ठरते.

६.५ गोठवलेल्या भ्रूणांचा पेच

शरीराबाहेरील फलनात यशाची खात्री नसल्याने अनेकदा एकाहून अधिक भ्रूण तयार केले जातात. उरलेले द्रवरूप नायट्रोजनमध्ये, उणे १९६ अंश सेल्सिअस तापमानात ठेवले जातात. त्यांचे पुढे काय करावे?

२००८ मधील ‘डिग्निटास पर्सोने’ (व्यक्तीची प्रतिष्ठा) या निवेदनाने पर्याय एकेक करून तपासले. संशोधनासाठी वापर म्हणजे भ्रूणाला साधन मानणे. वंध्यत्वावरील उपाय म्हणून ते दुसऱ्या दांपत्यास देणे दुसऱ्या तत्त्वात बसत नाही. केवळ त्यांचा जीव वाचवण्यासाठी त्यांना ‘दत्तक’ घेण्याचा हेतू स्तुत्य; परंतु त्यातही अडचणी आहेत, आणि यावर कॅथलिक विचारवंतांतही मतभेद आहेत. अखेरीस निवेदन मान्य करते की, हा असा अन्याय आहे ज्याचे निराकरण करता येत नाही. हाती उरते ते एकच : नवे भ्रूण गोठवणे थांबवण्याचे आवाहन. पोप जॉन पॉल दुसरे यांनी ते १९९६ मध्येच केले होते.

भारतातही हा प्रश्न कायद्यासमोर आहे. २०२१ च्या साहाय्यित प्रजनन तंत्रज्ञान कायद्यानुसार भ्रूण जास्तीत जास्त दहा वर्षे साठवता येतो. त्यानंतर तो नष्ट होऊ द्यावा, किंवा दांपत्याच्या संमतीने नोंदणीकृत संशोधन संस्थेस द्यावा. कायद्याने मुदत घालून दिली. भ्रूण कोण आहे, हा प्रश्न मात्र मुदतीने सुटत नाही.

६.६ आक्षेप आणि उत्तर

ब्रिटनमधील वॉर्नॉक समितीने १९८४ मध्ये भ्रूण-संशोधनासाठी चौदा दिवसांची मर्यादा सुचवली. सुमारे तेवढ्या काळापर्यंत एका भ्रूणाची जुळी होऊ शकतात. जे एक राहणार की दोन होणार हेच ठरलेले नाही, त्यास व्यक्ती कसे म्हणावे, हा आक्षेप गंभीर आहे. त्यास कॅथलिक उत्तर असे : शंका असेल, तर तिचा फायदा जीवनाला मिळावा. पडक्या इमारतीत कोणी अडकलेले नाही अशी खात्री झाल्याशिवाय आपण ती पाडत नाही.

दुसरा आक्षेप वंध्यत्वाच्या दुःखाचा. आपल्या समाजात त्या दुःखात टोमणे आणि अवहेलना यांची भर पडते. ‘मूल ही देणगी आहे’ हे वचन अशा स्त्रीला दिलासा देईल की कठोर वाटेल, याचा विचार आपण अवश्य करावा. तत्त्वाची सुसंगती आणि माणसाची वेदना या दोन्हींचे भान ठेवणे म्हणजेच नीतिविचार.

६.७ सारांश

कॅथलिक नीतिविचार तंत्रज्ञानाची पारख दोन तत्त्वांवर करतो. त्यामुळे त्यास उपचार आणि निर्मिती यांत भेद करता येतो. गोठवलेल्या भ्रूणांपुढे मात्र तो निर्दोष मार्ग नसल्याचे कबूल करतो. ही कबुली त्याची मर्यादा दाखवते. तसेच काही कृतींची भरपाई नंतर करता येत नाही, म्हणून विचार आधी करावा लागतो, हेही शिकवते.

६.८ स्वाध्याय

१. ‘व्यक्ती आहे’ आणि ‘व्यक्ती म्हणून वागवावे’ या विधानांतील फरक स्पष्ट करा.
२. साहाय्य आणि पर्याय या कसोटीवर कोणतेही एक वैद्यकीय तंत्र तपासा.
३. ‘शंकेचा फायदा जीवनाला’ हा युक्तिवाद आपणांस पटतो का? दोन्ही बाजू मांडून उत्तर लिहा.