दोन समुद्रांचा डोंगर आणि आपल्या बोली

आज भूगोल आणि भाषा हे दोन विषय एकत्र शिकूया.

पाणी कुठं जातं?
पानशेतच्या पश्चिमेला सह्याद्रीची मुख्य धार आहे. धारेच्या अलीकडं पडलेला पाऊस आंबी नदीतून पानशेत धरणात येतो. पुढं मुठा, भीमा, कृष्णा असा प्रवास करून तो बंगालच्या उपसागराला मिळतो. धारेपलीकडचा पाऊस मात्र काळ आणि सावित्री नद्यांमधून बाणकोटजवळ अरबी समुद्रात जातो. एकाच डोंगराचं पाणी, पण समुद्र दोन!

मग भाषा का नाही तुटली?
काळा समुद्र आणि कॅस्पियन समुद्र यांच्यामध्ये कॉकेशस पर्वत आहे. तिथं जॉर्जियन, चेचेन, अबखाझ अशा तीन वेगळ्या भाषाकुळांतल्या भाषा शेजारी शेजारी नांदतात. जुन्या अरब लेखकांनी त्याला 'भाषांचा डोंगर' म्हटलं. तिथलं एल्ब्रुस शिखर ५,६४२ मीटर उंच. बर्फामुळं अनेक खिंडी हिवाळ्यात बंद होत. लोक आपापल्या खोऱ्यात राहत. वेगळेपण टिकण्याचं हे एक मोठं कारण.

आपला तोरणा साधारण १,४०० मीटर. इथं बर्फ नाही, आणि मढे घाट, वरंधा घाट अशा वाटा जुन्या काळापासून वापरात आहेत. त्या वाटांनी माल गेला, सोयरिकी झाल्या, शब्दही चढले-उतरले. म्हणून घाटावर आणि कोकणात मराठीच आहे, फक्त हेल बदलतो. 'वाईच थांब' तुम्हाला दोन्हीकडं ऐकू येईल.

वर्गातली दुसरी भाषा
याच डोंगरात कातकरी समाज राहतो. काताच्या व्यवसायावरून हे नाव पडलं. त्यांची कातकरी बोली मराठीला जवळची, तरी वेगळी. पहिलीत आलेल्या कातकरी मुलाला पुस्तकातली मराठी नवी असते. तो गप्प बसला म्हणजे त्याला येत नाही, असं नाही. 'पाणी'ला 'पानी' म्हणणाऱ्यालाही हसू नका. बोली म्हणजे अशुद्ध भाषा नव्हे. हसण्याच्या भीतीनं मुलं बोलायची थांबली की बोलीही थांबते. मग तिला डोंगरही वाचवू शकत नाही.

करून पहा
१. नकाशात आंबीपासून बंगालच्या उपसागरापर्यंतचा मार्ग रंगवा.
२. आजी-आजोबांकडून भातशेतीचे दहा शब्द लिहून आणा.
३. कातकरी मित्राकडून त्याच्या बोलीतले पाच शब्द शिका आणि त्यालाच ते वर्गाला शिकवू द्या.