कोंबड्यांनी सावरलेली सफरचंदाची बाग

नवी फळबाग उत्पन्नावर येईपर्यंत घरखर्च कशावर चालवायचा, हा प्रश्न आपल्याला नवा नाही. अमेरिकेतील मिसूरी राज्यातल्या लॉरा इंगल्स वाइल्डर या शेतकरी बाईंनी तो कसा सोडविला ते पाहू.

लॉराबाईंचा जन्म १८६७ चा, लग्न १८८५ चे. डाकोटा प्रांतात संसार मांडला. पण अवर्षण आणि कर्ज पाठोपाठ आले. तान्हा मुलगा गेला, घर जळाले. घटसर्पाच्या आजारपणानंतर पती अल्मान्झो पायाने अधू झाले. १८९४ मध्ये मुलगी रोझला घेऊन हे जोडपे मिसूरीत मॅन्सफिल्डला आले. तेथे ४० एकर खडकाळ, झाडीची जमीन घेतली. जमिनीबरोबर सफरचंदाची रोपे मिळाली खरी, पण फळ हाती यायला कित्येक वर्षे होती. तोवर झाडे तोडून सरपण विकले. दोघांनी ओढायच्या करवतीचे दुसरे टोक लॉराबाईंच्या हाती असे. दुसरी आवक अंड्यांची. त्यांच्या लेगहॉर्न कोंबड्या ऐन थंडीतही अंडी देत. पुढे शेत सुमारे २०० एकरांपर्यंत वाढले.

कोंबडीपालनावरील त्यांच्या एका टिपणामुळे ‘मिसूरी रूरलिस्ट’ या शेतीपत्राच्या संपादकांनी त्यांना लिहिते केले (१९११). शेतकऱ्याची बायको ही धंद्यातली भागीदार आहे, असे त्या मांडत. आपल्या सातबाऱ्यावर घरधनिणीचे नाव आहे का, हे या निमित्ताने जरूर पाहा!

१९१६ च्या शेतीकर्ज कायद्यानंतर मॅन्सफिल्डला शेतकऱ्यांची कर्जसंस्था निघाली. तिचे चिटणीस-खजिनदारपद लॉराबाईंनी सुमारे दहा वर्षे सांभाळले. मुलांसाठीचे त्यांचे पहिले पुस्तक त्यानंतर, १९३२ मध्ये, वयाच्या ६५ व्या वर्षी निघाले.