पावसाळ्यापूर्वी मोटारीच्या काचा तपासा

व्यापारी बंधूंनो, २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. बंद मोटारींत अडकून काहींचे प्राण गेले. म्हणून जुन्या मोटारीच्या बटणावर चालणाऱ्या काचा आम्ही मे महिन्यातच तपासून घेतो.

सर्वच काचा अडल्या तर आधी फ्यूज पाहावा. नवा तेवढ्याच अँपिअरचा घालावा. एकच अडली आणि मोटरचा आवाजही नसेल, तर स्विच व दाराच्या बिजागरीजवळची वायर तपासावी. मोटर बदलण्याचा खर्च शेवटी. आवाज येतो पण काच हलत नाही, तर रेग्युलेटरची तार तुटलेली असू शकते. काच संथ चढत असेल, तर रबराची खाच पुसून सिलिकॉन स्प्रे मारावा, तेल नको.

पाणी वायरिंगमध्ये शिरले की दुरुस्त काचही अडू शकते. रस्त्यावर पाणी चढू लागताच काच उतरवावी.