हळदी पिवळा की गडद निळा?

प्रश्न : दिवाळीआधी हॉल रंगवायचा आहे. हळदी पिवळा आणि गडद निळा असे दोन पट्टे भिंतीवर शेजारीशेजारी मारून पाहिले. सकाळी पिवळा आवडतो, रात्री दोन्ही वेगळेच दिसतात. खोली पश्चिमेची आहे. निवड कशी करावी? – एक वाचक, नाशिक

उत्तर : आधी ते पट्टे असे शेजारीशेजारी पाहणं थांबवा. निळ्याला खेटून असलेला पिवळा असतो त्याहून भडक दिसतो आणि निळाही तसाच चढतो. पॅरिसच्या गोब्लँ कारखान्यात भिंतीवर टांगायची विणलेली चित्रं तयार होत. तिथला काळा धागा फिका दिसतो अशी तक्रार आली. रंगाईचे प्रमुख, रसायनशास्त्रज्ञ मिशेल शेव्हरल यांनी तपासलं, तर काळ्यात खोट नव्हती. शेजारचे रंग त्याला फिका पाडत होते. १८३९ मध्ये त्यांनी यावर आख्खा ग्रंथ प्रसिद्ध केला.

दिवसभराचा बदल मात्र उजेडामुळे होतो. उतरत्या उन्हात निळा अंश कमी असतो, २७०० केल्व्हिनच्या पिवळसर बल्बमध्येही तेच. अशा उजेडात गडद निळ्या भिंतीवरून परतायला फारसं काही उरत नाही, म्हणून ती काळवंडते. ६५०० केल्व्हिनच्या पांढऱ्या दिव्यात तीच भिंत खुलते. तेव्हा रात्रीचे दिवे आधी ठरवा, रंग नंतर.

मग नमुन्याचे छोटे डबे आणून दोन मोठ्या पांढऱ्या पुठ्ठ्यांवर दोन-दोन हात मारा आणि पूर्ण वाळू द्या. एका वेळी एकच पुठ्ठा उभा करा, खिडकीसमोर आणि खिडकीच्याच भिंतीवरही. ती भिंत नेहमी जास्त अंधारी असते. सकाळी, दुपारी चार वाजता आणि दिवे लागल्यावर पाहा. शेड कार्डावरच्या चिमुकल्या तुकड्यावर तर अजिबात विसंबू नका. त्यावरून एक गोष्ट कळत नाही: समोरासमोरच्या भिंती एकमेकींवर रंग फेकतात आणि पिवळा त्यात फारच तापतो.

पश्चिमेच्या खोलीत चारही भिंती हळदी करू नका, असंच मी सांगेन. दुपारनंतर त्या डोळ्यांवर येतील. खिडकीसमोरची, उजेड मिळणारी एक भिंत निळी करा, बाकीच्या ऑफ-व्हाइट. पिवळा पडद्यांत येऊ द्या. दोन्ही रंग भिंतीवरच हवे असतील, तर पणजीच्या फोंताईन्हास भागातली पिवळी-निळी घरं बघून या. तिथे दारं-खिडक्यांभोवती पांढरी किनार असते. तुमच्याही दोन रंगांमध्ये चार बोटं पांढरी पट्टी सोडायला पेंटरला सांगा.