कर्णवेधोत्तर व्रणशोथ : प्रतिबंध व चिकित्सा

सुश्रुताचार्यांनी सूत्रस्थानाच्या 16 व्या अध्यायात कर्णवेधानंतरच्या शोथ-वेदनांची कारणे नेमकी सांगितली आहेत : सदोष वा वाकडी सुई, अति जाड वर्ती, दोषसमुदाय आणि अयोग्य स्थानी वेध. नवापूर परिसरात सोनाराकडे, जत्रेत वा सौंदर्यप्रसाधनांच्या दुकानात कान टोचून आलेले रुग्ण तपासताना ही सूची आजही उपयोगी पडते.

टोचण्याच्या 'गन'ची कडी बोथट असते, त्यामुळे ऊती चिरडल्या जातात; शिवाय प्लॅस्टिकची गन ऑटोक्लेव्हमध्ये निर्जंतुक करता येत नाही. मागून घट्ट दाबलेली फिरकी म्हणजे आजची जाड वर्तीच. अयोग्य स्थान म्हणजे मुख्यतः कानाच्या वरच्या कडेची कूर्चा.

प्रतिबंध : दैवकृत छिद्र सूर्यप्रकाशात पाहून पाळीतच, एकदाच वापरावयाच्या निर्जंतुक सुईने वेध करावा. अशुद्ध व्रणातून धनुर्वात व कावीळ-बी यांचा धोका असल्याने लसीकरणाची चौकशी करावी. आपल्या आदिवासी भागात सिकलसेलचे प्रमाण मोठे आहे. अशा रुग्णांत जंतुसंसर्गाने वेदनांचा झटका येऊ शकतो, म्हणून तेही अवश्य विचारावे. व्रणास राख, शेण वा चुना लावू देऊ नये.

चिकित्सा : शोथ केवळ पाळीत असल्यास निर्जंतुक सलाईनने वा ताज्या, गाळलेल्या कोमट त्रिफळा क्वाथाने दिवसातून दोनदा प्रक्षालन करावे. रुतलेली फिरकी सैल करावी. पू वाहत असता कडी घाईने काढू नये. छिद्र मिटून पू आत कोंडतो. सुश्रुतोक्त यष्टिमधु, एरंडमूळ, मंजिष्ठा, यव व तीळ यांचा मधुघृतयुक्त लेप शोथावर भोवतीने द्यावा. 48 तासांत उतार नसल्यास वा ज्वर आल्यास प्रतिजैविकांचा विचार व्हावा.

कूर्चेचा शोथ मात्र वेगळा मानावा. पाळी मऊ व वेदनारहित, पण वरचा कान लाल, उष्ण व स्पर्शासह्य, हे त्याचे ओळखचिन्ह. कूर्चेस स्वतःचा रक्तपुरवठा नसतो. आवरणाखाली पू साचल्यास ती गळून कान कायमचा विद्रूप होतो. येथे बहुधा स्यूडोमोनास जंतू आढळतो व नेहमीची प्रतिजैविके त्यावर अपुरी पडतात. अशा रुग्णास लेपावर न थांबवता त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे पाठवावे. मान वा जबडा ताठरल्यास अपतानकाची, म्हणजेच धनुर्वाताची, शंका घेऊन तत्काळ रुग्णालयात न्यावे.

शोथ पाळीत की कूर्चेत, हा प्रश्न प्रत्येक रुग्णात प्रथम सोडवावा, हेच आमचे व्यवसायबंधूंना आग्रहाचे सांगणे आहे.